लालबागचा प्राण्यांचा दवाखाना: ‘नऊ’ची लस आणि राहून गेलेली रेबीजची

पाचपैकी चार तारे. पाचवा रांगेमुळे गेला, डॉक्टरबाईंमुळे नाही.

दवाखाना लालबागला, चिवडा गल्लीच्या अलीकडे, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर. आधी इथे पिठाची गिरणी होती म्हणतात, त्यामुळे खोली लांबट आणि जमीन जराशी उताराची. एक स्टीलचं टेबल, एक वजनकाटा, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर आणि कोपऱ्यात फ्रिज. एवढं लिहायला मी बसले ती त्या फ्रिजमुळे.

आधी माझं सांगते, नाहीतर बाई फ्रिजवर काय लिहीत बसलीय असं वाटेल. परळच्या एका जुन्या संस्थेत लशींच्या खात्यात मी ३३ वर्षं काढली. सुरुवातीला बाटल्या धुणं, मग भरणं, आणि शेवटची चौदा वर्षं तपासणी. तपासणी म्हणजे समोर अर्धी काळी अर्धी पांढरी पाटी, वर दिवा, आणि एकेक कुपी हातात घेऊन हलकेच उलटी करायची, फिरवायची. काचेचा चुरा, केस, बुचाचा कण, काही दिसलं की ती बाजूला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी घरात खोकल्याच्या औषधाची बाटली आली की माझा हात आपोआप खिडकीकडे जातो. सून हसते.

तर आमचा कुत्रा. २०२४ च्या गणपतीत मंडपामागे पोत्याखाली सापडला, दीडेक महिन्याचा असेल. नातवाने नाव ठेवलं मूषक. गणपतीचा माणूस म्हणून. पालिकेत मूषक संहारक असतात आणि आमच्याकडे पाळलेला मूषक, असं सावंतकाका अजूनही म्हणतात, दर वेळी पहिल्यांदाच म्हटल्यासारखं.

तेव्हा आम्ही त्याला इथे नेलं नव्हतं. मुलाने शोधून एका मोठ्या, एसी दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही. काचेचं दार, कुत्र्यांचे कपडे विकायला टांगलेले, काउंटरवर टाय लावलेला मुलगा. तिथे दोन महिन्यांचा असताना ‘नाइन इन वन’ दिली, महिन्याने परत ‘नाइन इन वन’ दिली, आणि “झालं सर, फुल कव्हर, आता नेक्स्ट इयर” म्हणून लसीकरणाची वही हातात दिली. मुलाने मला फोन करून सांगितलं, “आई, नऊ आजारांची दिली.” मी म्हटलं, वा. इतकी वर्षं लशीत काढलेल्या बाईने त्या नवात कोण कोण बसलंय हे विचारायला नको? नाही विचारलं. त्याची टोचणी मला अजून आहे.

जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, नातू आणि मूषक चपलेवरून ओढाताण करत होते. त्यात नातवाच्या अंगठ्याच्या बुडाशी दात लागला. खोल नव्हता, पण रक्त आलं. मी त्याला मोरीत नेऊन नळाखाली हात धरला आणि कपड्यांचा साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतलं. तो रडत होता, सून म्हणत होती, “पुरे की आता.” मी नाही सोडला. हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच. आमच्या चाळीत अजूनही कोणीतरी मिरची घेऊन धावत येतं.

पालिकेच्या रुग्णालयात पहिला प्रश्न: “कुत्र्याला रेबीजची दिलीय?” मुलगा म्हणाला, “नाइन इन वन दिलीय, त्यात सगळं येतं.” डॉक्टर मुलगी तरुण होती, पण हुशार. म्हणाली, “वही दाखवा.” वही माझ्या पिशवीत होती. चष्मा लावून मी तिथल्या बाकावर स्टिकर वाचले. डिस्टेंपर. ॲडिनो. पार्व्हो. पॅराइन्फ्लुएन्झा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) चार जाती, कॅनिकोला, इक्टेरोहिमोरॅजिया, ग्रिपोटायफोसा आणि पोमोना. दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. रेबीज कुठेही नाही.

आता हे नऊ कसे होतात ते सांगते, कारण ते मला त्याच बाकावर कळलं आणि हसू की रडू झालं. कुत्र्यांना काविळीसारखा हिपॅटायटिस करणारा एक ॲडिनो विषाणू आहे, टाइप १. त्याचीच जिवंत लस पूर्वी द्यायचे, तर काही कुत्र्यांचा डोळा निळसर ढगाळ व्हायचा. म्हणून आता त्याचा चुलतभाऊ, टाइप २, लशीत घालतात. तो दोघांपासून वाचवतो. मग छापताना एकाचे दोन मोजायचे. लेप्टोच्या जाती सुट्या मोजायच्या. असं करत करत आकडा फुगतो. खोटं कोणीच बोलत नाही, पण खोक्यावरचा आकडा वाढला म्हणजे माणसाला होणारा आजार आत आलाच असं नाही. त्या सगळ्या यादीत माणसाला होऊ शकणारं एकच होतं, लेप्टो. आणि लेप्टो हा विषाणू नाहीच, जिवाणू आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, कुत्र्यांचा हिपॅटायटिस हे कुत्र्याला मारतात, आपल्याला काही करत नाहीत. कुत्र्याकडून माणसाला येणारा आणि माणसाला हमखास मारणारा विषाणू रेबीजचा, आणि नेमका तोच गाळलेला.

नातवाला त्या दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, टोचलं. अंगठ्याच्या बुडाशी जागा ती केवढी, त्यात सुई फिरवायची. तो ज्या आवाजात ओरडला तो मी लिहीत नाही. मग दंडात कातडीतली लस, ० दिवस, ३, ७ आणि २८. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा म्हणाले. ठेवली. ठणठणीत. तरी आम्ही अठ्ठाविसाव्या दिवसाचं टोचून घेतलंच.

माझ्या धाकट्या भावाला १९७१ मध्ये करी रोड पुलाखाली कुत्रं चावलं होतं. तेव्हा चौदा इंजेक्शनं, तीही पोटात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस असायची ती. तो रोज सकाळी पोट धरून चालायचा, आणि आई त्याला वाटेत एक लिमलेटची गोळी द्यायची. ती लस आपल्या देशात थेट २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होती. तेव्हा चार टोचण्यांबद्दल मी तक्रार करत नाही. तक्रार एवढीच की त्या पोराला एकही लागायला नको होती.

त्यानंतर सावंतकाकूंनी या दवाखान्याचं सांगितलं. त्यांची मांजर इथे येते.

पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी मूषकला हात लावायच्या आधी वही मागितली आणि दोन मिनिटं वाचली. मग म्हणाल्या, “रेबीज राहिलीय.” एवढंच. आधीच्या दवाखान्याला एक शब्द लावला नाही, मी दोनदा संधी दिली तरी. मग फ्रिज उघडला.

फ्रिजमध्ये फक्त लशी. वरच्या कप्प्यात एक तापमापक टांगलेला, आणि फ्रिजच्या दारावर दोरीने बांधलेली वही. सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा, रोजचं तापमान, शेजारी सही. ४, ५, ४, ६, ५. मध्ये एका दिवशी लाल पेनाने ‘लाइट गेली ४० मि., ७’ लिहिलेलं. मी ती वही चाळायला लागले तेव्हा मदतनीस पोरगा जरा वैतागला. बाई त्याला म्हणाल्या, “बघू दे त्यांना.” आधीच्या एसी दवाखान्यात फ्रिज उघडला होता तेव्हा त्यात कोल्ड कॉफीची बाटली आणि मिठाईचा डबा मी स्वतः पाहिला होता, आणि तरी गप्प बसले होते.

लस दोन ते आठ अंशांत ठेवायची हे प्रकरण एकत्र लशीत जास्त नाजूक असतं, ते का ते लोकांना सांगावंसं वाटतं. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू. ते गोठवून वाळवतात, कुपीच्या तळाशी पांढरी टिकली बसलेली दिसते ना, ती. तिला थंडीचं भय नाही, गर्मी तिला मारते. रेबीज आणि लेप्टो हे मारलेले, पातळ. रेबीजच्या द्रवात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा क्षार असतो. त्याला एकदा बर्फ लागला की क्षाराच्या गुठळ्या होतात, आणि मग वितळवून काही उपयोग नाही. एकाला उष्णता चालत नाही, दुसऱ्याला गोठणं. सासू आणि सून एका खोलीत. त्यामुळे ‘फ्रीजरजवळ ठेवली, चांगली थंड आहे’ असं कोणी सांगितलं तर ती लस घेऊ नका.

त्या दिवशी बाईंनी एकटी रेबीज दिली, महिन्याने पुन्हा. आणि यंदा, वर्षाची सगळी पुन्हा द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, “आता सगळ्यांच्या तारखा एकाच दिवसावर आणू. एका सुईत होईल.” मी म्हटलं, “दाखवा कशी करता.” कोणी दुसरं असतं तर मला बाहेर बसवलं असतं.

त्यांनी दोन कुप्या काढल्या. एकीत टिकली, दुसरीत द्रव, रेबीज आणि लेप्टो एकत्र. द्रवाची कुपी आधी हातात हलकेच उलटसुलट केली. मी मागितली, खिडकीकडे धरली. ढग एकसारखा, तळाशी गोळा नाही. मग सिरिंजमध्ये द्रव ओढून टिकलीच्या कुपीच्या बुचात सुई घातली, आणि दट्ट्या न दाबताच द्रव आत खेचला गेला. कुपी निर्वात सीलबंद असली की असं होतं. इतक्या वर्षांनी तो खेच पाहून मला बरं वाटलं, खोटं का सांगू. टिकली क्षणात विरघळली. बाईंनी कुपी गरगर हलवली नाही, फक्त तिरपी करून फिरवली. आणि लगेच टोचलं. मिसळून झाली की ती लस ठेवायची नसते. आणखी एक बारीक गोष्ट: मानेच्या मागची जागा स्पिरिटने पुसली नाही. जिवंत विषाणूच्या लशीला स्पिरिट लागलं तर तोच मरतो. हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि बोळा फिरवलेला दिसला नाही की लोकांना डॉक्टर घाण वाटतो.

दोन्ही कुप्यांचे स्टिकर सोलून वहीत लावले, बॅच नंबर दिसेल असे, आणि खाली सही. मूषक एकदा ‘कुईं’ म्हणाला, मग टेबलावरची बिस्किटं शोधायला लागला.

मी विचारलं, “मग पिल्लू असतानाच हे सगळं एकात का नाही देत? आमचं तेव्हाच झालं असतं.” बाईंनी सांगितलं ते पटलं. पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात. लशीतला विषाणू आत गेला की ती त्याला पिल्लाच्या शरीराने ओळखायच्या आतच खाऊन टाकतात. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून थोड्या थोड्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत परत परत देतात. रेबीज साधारण पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. त्यामुळे पहिल्या दोन टोचण्यांत ती नसणं बरोबरच असतं. चूक होते ती तिसऱ्या फेरीला, जेव्हा कोणी सांगत नाही की अजून एक बाकी आहे.

एकत्र लस करायची म्हणजे चार बाटल्या एका बाटलीत ओतायच्या, असं लोकांना वाटतं. आम्ही पोलिओचे थेंब भरायचो. त्यात पूर्वी तीन प्रकारचे विषाणू असायचे, १, २ आणि ३. तिघं सारख्या प्रमाणात घातले तर दुसरा प्रकार आतड्यात एवढी दादागिरी करायचा की पहिल्याला आणि तिसऱ्याला जागाच मिळायची नाही. म्हणून पहिल्याचं प्रमाण दुसऱ्याच्या दहापट ठेवायचे. दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू जगातून हद्दपार झाल्यावर एप्रिल २०१६ मध्ये त्याला थेंबांतून काढलंच. कुत्र्यांच्या लशीतही हाच ताप. एकमेकांना दाबणारे कोण, द्रवातला टिकवणारा रसायनाचा थेंब जिवंत विषाणूला मारत नाही ना, क्षार टिकलीला चिकटत नाही ना, सगळं तपासायचं. आणि प्रत्येक घटकाने एकटा असताना जे काम केलं ते एकत्र असतानाही केलं, हे सुटं सुटं सिद्ध करायचं. रेबीजच्या लशीची ताकद तर दर डोसला किमान एक आंतरराष्ट्रीय एकक भरावीच लागते, आणि ती उंदरांवर तपासण्यात आठवडे जातात. एक घटक नापास झाला की त्याच्यासोबत बाकीचे पास झालेलेही गटारात. म्हणून एकत्र लस महाग असते. उगाच नाही.

बाई म्हणाल्या, आता संशोधक वेगळ्या वाटेने चाललेत. डिस्टेंपरच्या किंवा ॲडिनोच्या दुबळ्या विषाणूतच रेबीजच्या वरच्या आवरणाचं जनुक बसवायचं, म्हणजे एकच विषाणू दोन आजारांची ओळख करून देईल. मांजरांसाठी पक्ष्यांच्या देवीच्या विषाणूवर बसवलेली रेबीजची लस परदेशात विकलीही जाते, क्षाराशिवाय. युरोपात कोल्ह्यांसाठी आमिषात लस घालून ती जंगलात टाकतात. मी म्हटलं, आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना अशी भाकरीतून देता आली तर काय बहार येईल. बाई म्हणाल्या, “कावळे खातील हो आधी.”

लेप्टोबद्दल दोन वाक्यं, कारण लालबाग-परळच्या माणसाला ती लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत तापाने वॉर्ड भरले होते ते लेप्टोने, हे कमी जणांना आठवतं. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून आपण चालतो त्यात उंदरांचं मूत असतं, आणि कुत्र्याचंही असू शकतं. म्हणून कुत्र्याची लेप्टो दरवर्षी चुकवू नका, पावसाळ्याआधी घेतली तर उत्तम. पायाला जखम असेल तर पाण्यातून आल्यावर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. मूषक पाण्यात लोळतो. दुसरं काय करणार, नावच तसं.

सावंतकाकू म्हणाल्या होत्या, “घरातलंच मांजर, त्याला कुठून रेबीज?” त्यांच्या मांजरीला तीन आजारांची एकत्र लस दिलेली होती, त्यातले तिन्ही मांजरांचे. बाईंनी त्यांनाही वही उघडून हेच दाखवलं. मांजर रात्री पन्हाळीवरून कुठे जाते ते काकूंना तरी कुठे माहीत? जगात रेबीजने जे मृत्यू होतात त्यांतले ३६ टक्के भारतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तो बहुतेक वेळा कुत्र्याच्याच चाव्यातून येतो. मांजरही देऊ शकतं. दुसऱ्याच दिवशी काकू मांजर पिशवीत घालून आल्या.

आता तक्रारी. टोकन नाही. ‘शेवटचा कोण?’ असं विचारून आपला नंबर लक्षात ठेवायचा, आणि मागे एक जर्मन शेफर्ड, पुढे एक पॉमेरेनियन, दोघांची आपसात जुनी दुश्मनी. बसायला एक बाक, त्यावर तिघं. बाहेर फुटपाथवर थांबलं तर शेजारच्या गॅरेजचं ग्रीस पायजम्याला लागतं. फोन उचलत नाहीत. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. पालिकेच्या परवान्यासाठी रेबीजचा दाखला मागितला तर मूषकचं नाव ‘मोशक’ लिहिलं, ते दुरुस्त करायला आणखी एक फेरी. वजनकाटा उताराच्या जमिनीवर असल्याने अर्धा किलो कमी दाखवतो, असं माझं म्हणणं आहे. बाईंना मान्य नाही.

आणि बाई फार भरभर बोलतात. प्रश्न विचारला की उत्तर देतात, पण दुसरा प्रश्न येईपर्यंत पुढच्या कुत्र्याचं तोंड उघडलेलं असतं. लिहून न्या.

पैसे: तपासणीचे ३००, यंदाची एकत्र लस १,१५०, तेव्हाची एकटी रेबीज ३५०. एसी दवाखान्यात नाइन इन वनलाच १,६०० घेतले होते.

गुरुवारी बंद. संध्याकाळी सातनंतर गेलात तर रांग कमी, पण मिसळायची लस तेव्हा देत नाहीत. टोचल्यावर अर्धा तास कुत्र्याला समोर बसवून ठेवतात आणि तोंड सुजलं, उलटी झाली तर बघतात, आणि आठला शटर खाली येतं. करी रोडकडून येणार असाल तर पूल उतरून डावीकडे, गॅरेजच्या पुढचं दार. पाटीचा अर्धा रंग उडालाय, फक्त ‘प्राण्यां’ एवढंच वाचता येतं. वही सोबत न्या, आणि जायच्या आधी एकदा स्वतः स्टिकर वाचा.